फोटो असताना चित्र कशाला? आणि ब्रश धुतलेलं पाणी कुठे टाकायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी हौस म्हणून पेंटिंग करते. नदीचं प्रदूषण, जंगलतोड असे विषय घेते. प्रदर्शनाला लोक येतात, छान आहे म्हणतात आणि पुढे जातात. घरचे म्हणतात आता मोबाईलवर सगळे फोटो-व्हिडिओ दिसतात, तुझ्या चित्राने काय फरक पडणार? खरंच पडतो का?

उत्तर: पडतो, आणि हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये. १८७१ साली अमेरिकेत यलोस्टोन नावाच्या रानटी प्रदेशाच्या पाहणीला भूगर्भशास्त्रज्ञ हेडन यांची सरकारी तुकडी गेली, तिच्यासोबत विल्यम हेन्री जॅक्सन हे फोटोग्राफर होते आणि थॉमस मोरान हे चित्रकारही होते, म्हणजे फोटो तेव्हाही होतेच की! पण ते ब्लॅक अँड व्हाईट, आणि तिथली खरी गंमत रंगांत, गरम पाण्याचे झरे, दरीचे पिवळे-तांबूस कडे, हे नुसतं ऐकून कोणाला खरं वाटायचं नाही. मोरानचे वॉटरकलर आणि जॅक्सनचे फोटो वॉशिंग्टनला खासदारांना दाखवले गेले आणि मार्च १८७२ मध्ये यलोस्टोन नॅशनल पार्कचा कायदा झाला. एकट्या चित्रांमुळे झाला असं नाही, हेडन यांनी जोर लावला होता, रेल्वे कंपनीलाही त्यात रस होता, पण न पाहिलेल्या जागेबद्दल निर्णय घेणाऱ्यांना ती जागा डोळ्यांसमोर दिसली ती या चित्रांमुळे.

आता यात एक गोष्ट बघा, मोरानने नुकसान रंगवलंच नाही, काय राखायचंय ते रंगवलं. रडणारी पृथ्वी, अर्धी हिरवी अर्धी काळी, झाडाच्या बुंध्यातून रक्त, अशी चित्रं आपण सगळ्यांनी इतकी पाहिलीत की अर्थ एका सेकंदात कळतो, आणि एकदा कळला की माणूस थांबेल कशाला? शिवाय 'पृथ्वी वाचवा' म्हटलं की हे आपल्यालाच सांगितलंय असं कोणालाच वाटत नाही.

त्यापेक्षा नदीचं एकच वळण घ्या आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. समजा पाण्यावर जलपर्णी पसरलीये. फोटोत ती हिरवीगार, सुंदर दिसते, लोकांना वाटतं वा, काय निसर्ग आहे! प्रत्यक्षात सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती पोसलेली असते, खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे तगत नाहीत. तुम्ही कॅनव्हासवर पाणी उभं कापून वरचं हिरवं आणि खालचा अंधार एकत्र दाखवू शकता, हे काम साध्या फोटोचं नाही.

फक्त बघणं पक्कं हवं. जहांगीर बादशहाच्या दरबारातले चित्रकार उस्ताद मन्सूर यांचं मानलं जाणारं डोडो पक्ष्याचं चित्र साधारण १६२५ चं आहे. डोडो त्याच शतकात संपला, पण रंग आणि ठेवण इतकी नीट टिपलीये की तो पक्षी दिसायचा कसा हे समजून घ्यायला प्राणिशास्त्रज्ञ आजही त्या चित्राकडे वळतात. तुम्हीही पक्षी काढाल तर तो कुठला ते ओळखू यायला हवं, झाडाचं पान त्याच झाडाचं हवं.

आणि चित्राखाली दोन ओळी लिहा, जागा कुठली, काय बिघडलंय आणि ते कोणाच्या हातात आहे. 'छान' म्हणून पुढे निघालेल्या माणसाला विचारायला काहीतरी मिळतं.

प्रश्न: मी अ‍ॅक्रिलिक वापरतो. पर्यावरणावर चित्र काढायचं आणि रंगाचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, हे मनाला पटत नाही. काय करू?

उत्तर: शंका रास्त आहे, अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की ते प्लास्टिकच असतं आणि ब्रश धुताना त्याचे बारीक कण पाण्यासोबत जातात. ब्रश आधी फडक्याने शक्य तितका पुसून काढा, मग थोड्याच पाण्यात धुवा. ते पाणी पसरट भांड्यात उघडं ठेवा, वाळलं की तळाशी रंगाचा पापुद्रा राहतो, तो खरवडून सुक्या कचऱ्यात टाका. रंग पॅलेटवर काढतानाच कमी काढा, बराचसा रंग तिथेच वाया जातो. कॅडमियमचे लाल-पिवळे रंग असतील तर जास्त जपा, तो जड धातू आहे, त्यांचं धुवण आणि उरलेला रंग वेगळा ठेवून घातक कचऱ्यात द्या. ट्यूबवर 'ह्यू' लिहिलेलं असेल तर सहसा त्यात कॅडमियम नसतं, तरी मागचं लेबल वाचूनच घ्या.