गळ्यावर काळी रेघ असलेला पिवळट छोटा पक्षी म्हणजे शिंजिराचं पिल्लूच ना? वय कसं ओळखायचं? नोव्हेंबरात आमच्या जास्वंदीवर येतो, फोटो सोबत टाकलाय.

पिल्लूच ना, हे कुणी सांगितलं तुम्हाला? नोव्हेंबरात जास्वंदीवर येणारा, मधोमध काळी रेघ, म्हणजे जांभळा शिंजीर, नर, इथपर्यंत ठीक. पण फोटोत नुसता गळा आलाय, आणि सगळी गंमत खांद्यात असते.

पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्यात पाषाण तलावावर असाच एक दिसला. मी म्हटलं मोठा नर आहे, वीण उरकून साध्या कपड्यात आलेला. तर हातभर लेन्स लावलेले एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, पट्टी म्हणजे ज्युवेनाईल, इतकं सोपंय." आणि सगळे हसले. अहो, विणीनंतर मोठा नरसुद्धा मादीसारखा पिवळट होतो, हनुवटीपासून पोटापर्यंत ती रेघच काय ती उरते, एक्लिप्स म्हणतात त्याला. पण पंख काळपटच राहतात आणि खांद्यावरची निळी चकाकी जात नाही. पहिल्या वर्षाच्या नराला रेघ तशीच, पंख मात्र मादीसारखे तपकिरी, चकाकी शून्य. ती चकाकी मी डोळ्यांनी बघितली होती, त्यांनी स्वतःचा फोटो झूम करायचेही कष्ट घेतले नाहीत.

मग मी हट्टाने आमच्या बाल्कनीतल्या एकावर नजर ठेवली, जानेवारीत तो शाई उडाल्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा झाला, होळीपर्यंत अख्खा जांभळा, आम्हा पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, "हे घ्या तुमचं पिल्लू." एक अंगठा आला, तोही माझ्या बहिणीचा.

आता खरं सांगायचं तर तो काही पुरावा नव्हता. पहिल्या वर्षाचा नरही तसाच रंगतो, आणि पाषाणचा पक्षी माझ्याकडे कशाला येईल. शिवाय सावलीत ती चकाकी नुसती काळी दिसते, म्हणून उन्हात बघा. अगदी ताजं पिल्लू असेल तर चोचीच्या कोपऱ्याला पिवळी कड असते, रेघबिघ काही नसते. गळा राखाडी-पांढरा आणि छाती पिवळी असेल तर ती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी, त्यांच्यातला नर कपडे बदलत नाही, बारा महिने रंगीत.

आणि किती वर्षांचा, ते पिसांवरून कळत नाही, पहिल्या वर्षाचा की मोठा एवढंच, तेही नशीब असेल तर.

उन्हातला खांद्याचा फोटो टाका. चकाकी निघाली तर मला तो एका ग्रुपवर पाठवायचाय.