पहिला मुक्काम किणयेलाच

सप्रेम आशीर्वाद,

तुझा आराखडा दोनदा वाचला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी, पुढे बांदा, सावंतवाडी आणि तिथून किनाऱ्याने रत्नागिरी हा मार्ग मला मनापासून आवडला. डिसेंबर निवडलास हेही बरे केलेस, कारण कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे तो पावसाळ्यात त्या वाटेने पायी जाण्याचे नाव काढणार नाही. मात्र बेळगावहून जांबोटी सुमारे 30 किलोमीटर आहे आणि ते सारे अंतर पहिल्याच दिवशी पाठीवर सॅक घेऊन तोडण्याचा तुझा बेत मला मान्य नाही. पहिल्या दिवशी तू निम्म्या वाटेवर, किणयेला थांबावेस.

23 व्या वर्षी मी याच रस्त्याने एकटा निघालो होतो. सॅकमध्ये 17 किलो सामान होते आणि त्यात आईला न विचारता घेतलेला लोखंडी तवाही होता. नावगे मागे पडल्यावर उजव्या टाचेत चुरचुरू लागले, पण ठरवलेले गाव गाठायचेच या हट्टाने मी चालत राहिलो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कुसमळीच्या पुलाखालून वाहते, तो पूल मी त्या दिवशी ओलांडला असणारच. पण आज तो मला आठवतही नाही. रात्री जांबोटीत देवळाच्या ओसरीवर मोजा काढू लागलो, तेव्हा तो टाचेला चिकटला होता आणि पाण्याने भिजवून सोडवताना रुपयाएवढे कातडे त्याच्याबरोबर निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाल बसने मी घरी आलो. आईने काही न बोलता तवा तेवढा काढून घेतला.

घामाने मऊ झालेले कातडे मोज्यात घासत राहिले की त्याचा वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी भरते. चुरचुरणे ही त्याआधीची सूचना असते. ती मिळताच, पुढच्या गावाची वाट न पाहता, रस्त्याकडेला बसून बूट काढ, पाय पूर्ण कोरडा कर, त्या जागेवर कापडी चिकटपट्टी लाव आणि मोजे बदल.

तुझे वजन 60 किलोच्या आसपास असेल, तर पाण्यासकट सॅक 12 किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. 2 लिटर पाण्याचेच 2 किलो होतात हे आपण हमखास विसरतो. जड वस्तू पाठीलगत ठेव आणि कमरेचा पट्टा हाडांवर बसवून आधी आवळ, खांद्याचे पट्टे नंतर. भार कमरेने पेलायचा असतो. रस्त्याच्या उजव्या कडेने चाल, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील. पिरनवाडीपर्यंत वर्दळ फार असते.

सकाळी 6 ला निघालास तर 11 च्या आत किणये येईल आणि उरलेला दिवस तुला रिकामा वाटेल. तो तसाच असू दे. दुपारी सॅक पूर्ण रिकामी करून पुन्हा भर. जे उगाच आणले असे वाटेल ते वेगळे काढ, कारण तिथून बेळगावची बस मिळते आणि ते परत पाठवता येते. बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, तेव्हा गावांची नावे वाचण्यापुरती अक्षरे आताच शिकून घे. संध्याकाळी घरी परतावेसे वाटेल. मलाही दरवेळी वाटते, आणि जेवण झाल्यावर ते बरेचसे ओसरते.

दुसऱ्या दिवशी जांबोटीला दुपारपर्यंत पोहोचशील, आणि ते फार महत्त्वाचे आहे. पुढे भीमगड अभयारण्याचा जंगलभाग लागतो आणि तिकडे अस्वले व गवे आहेत. पहाटे किंवा तिन्हीसांजेला तिथून एकट्याने चालू नकोस आणि वनखात्याच्या परवानगीवाचून तंबू ठोकू नकोस. मुक्काम गावातच, पंचांना विचारून कर.

येत्या रविवारी सॅक भरून माझ्याकडे घेऊन ये. आमचा वजनकाटा भाताच्या पोत्यांचा असला तरी खरा आहे.

तुझा,
काका