रात्री दाढ ठणकायला लागली तर सकाळपर्यंत काय करायचं?

नाशिकरोडला राहता, रात्रीचे अकरा वाजलेत, खालची दाढ ठणकतेय आणि डॉक्टर सकाळीच भेटणार, असा तुमचा प्रश्न आहे. घरच्या उपायांनी कीड जात नाही, पण रात्र निभावते.

आधी फटीत काही अडकलंय का बघा. मटकीचं साल किंवा मटणाचा धागा हिरडीत रुतला तरी दाढ किडल्यासारखीच दुखते. फ्लॉस असेल तर सावकाश सरकवून काढा, टाचणी-सेफ्टी पिन नको. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, त्या बाजूला अर्धा मिनिट घोळवून थुंका. कोमटानेही कळ वाढत असेल तर नस सुजलेली आहे. मग साधंच पाणी वापरा.

लवंग तेल सगळे सांगतात, पण लावायचं कसं ते कुणी सांगत नाही. ते खड्ड्यात गेलं तरच काम करतं. दाढेला खड्डाच नसेल तर सोडून द्या. एक थेंब तेल, त्यात तीन-चार थेंब खोबरेल. ज्वारीच्या दाण्याएवढा कापूस त्यात बुडवून नीट पिळा, चिमट्याने खड्ड्यात ठेवा आणि दहा मिनिटांनी काढा. निथळता मोठा बोळा ठेवला की हिरडी भाजून पांढरी पडते, मग दोन दुखणी. लहान मुलांना हे करू नका. मिश्री लावून बधिर करणं तर नकोच.

खरा आराम गोळीनेच पडतो. इतर आजार नसलेल्या मोठ्या माणसाने काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन ४०० मिलीग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० घ्यावी. पुढचा डोस सहा तासांनी. कॉम्बिफ्लॅममध्ये दोन्ही असतात, तिच्यावर वेगळी घेऊ नका. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन टाळा, फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन कुटून दाढेत भरू नका, हिरडी जळते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकने नसेचा ठणका थांबत नाही.

आडवं पडलं की डोक्याकडे रक्त वाढतं आणि ठणका चढतो, म्हणून दोन उशा घ्या. गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. गरम शेक नको, सूज वाढते.

जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज सरकली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट बघू नका. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला रात्रीच जा.

पहाटे ठणका आपोआप थांबला तरी अपॉइंटमेंट रद्द करू नका. नस मेली की दुखणं थांबतं, मुळाशी पू मात्र साठत राहतो. खासगी खर्च झेपत नसेल तर पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे. रात्री कुठली गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून न्या, डॉक्टर तेच आधी विचारतील.