पैसे सुईवर खर्च करा

प्रश्न : तरुणपणी हौसेने जमवलेल्या एलपी माझ्याकडे अजून आहेत. जुना, पट्ट्यावर चालणारा टर्नटेबलही आहे, पण गाणं लावलं की सूर वरखाली होतात. आता ऐकायला सवड आहे, खर्च मात्र बेताचाच करायचा आहे. स्पीकर आतच असलेला सुटकेससारखा नवा प्लेअर घेऊ का?

उत्तर : माझं ऐकाल तर घेऊ नका. तसल्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसवलेली असते ती डबी, असते. तिची सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते आणि तो कमी करायची सोयच नसते. मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दोन ग्रॅम पुरतात. त्यात स्पीकर त्याच पेटीत, म्हणजे त्याची थरथर थेट सुईला.

तुमचा जुना टर्नटेबलच दुरुस्त करा. सूर वरखाली होतात ते बहुतेक पट्ट्यामुळे. रबर वर्षानुवर्षं पडून राहिलं की सैलावतं किंवा कडक होतं. नवा पट्टा फार महाग नसतो. वरची थाळी उचलून तो घरीच बदलता येतो. तेवढ्यात मोटरच्या पुलीवर चिकटलेलं जुनं रबरही पुसून घ्या.

वाचलेले पैसे सुईवर घाला. हा माझा आग्रहच आहे. झिजलेली सुई रेकॉर्डवरची खाच कुरतडते, आणि एकदा गेलेला आवाज कितीही भारी यंत्रावर परत मिळत नाही. सुई फार वापरलेली नसली तरी तिच्या दांडीला धरून ठेवणारं इवलंसं रबर कडक झालेलं असतं. म्हणून पुन्हा ऐकायला लागताना पहिली एलपी नव्या सुईवरच लावा. मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर बहुतेक वेळा नुसती सुई बदलता येते. मग टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा लांब दांडा, हवेत आडवा तरंगेल इतकं मागचं वजन फिरवा, तिथे आकडा शून्यावर आणा आणि कार्ट्रिजसाठी सांगितलेला भार द्या. टोनआर्मची आत ओढली जाण्याची ओढ सावरणारं अँटीस्केटिंगही तेवढंच ठेवा.

ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ची, म्हणजे टर्नटेबल जोडायची, जागा आहे का, तेही बघा. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात. फोनो प्रीॲम्प ते पूर्ववत करतो आणि सुईचा अगदी क्षीण सिग्नल वाढवतो. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये तो बहुधा असतोच, नसेल तर छोटा वेगळा मिळतो. घूं असा आवाज आला तर आधी अर्थिंगची तार जोडली आहे का, ते तपासा.

संग्रहात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्या या सुईवर लावू नका. त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते. आणि त्या अल्कोहोलने कधीही पुसू नका, लाख विरघळते.

पुढे जुन्या एलपी विकत घ्याल तेव्हा तबकडी उजेडात तिरकी धरून पाहा. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा चरा मात्र हमखास टकटकतो. कव्हर फाटकं असेल तर खुशाल घ्या, त्यामुळेच ती स्वस्तात मिळते.