पहिला थर चिकट, चेहरे मळकट

प्रश्न : राजा रविवर्मा यांच्या १८८९ सालच्या अकरा वादक स्त्रियांच्या चित्राची प्रत १८ बाय २४ इंची कॅनव्हासवर करतो आहे. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात घाण्याचं जवसाचं तेल घालून पहिला थर दिला. दहा दिवस झाले, अजून बोटाला चिकटतो. चेहरेही मळकट होतात. काय चुकतंय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तेल चुकलं. विदर्भात जवसाचं तेल सहज मिळतं, पण खाण्याच्या तेलात चिकटा राहतो. ते उशिरा वाळतं आणि पिवळं पडतं. चित्रकामासाठी शुद्ध केलेलं जवसाचंच तेल, म्हणजे लिन्सीड घ्या, तेही पहिल्या थरात नको. लिन्सीड उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खाली तेलकट थर आणि वर कोरडा, असं झालं की वरचा आधी आवळतो आणि पुढे तडकतो. म्हणून आताचा थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसूनच काढा.

नवा थर नुसत्या टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरचा द्या. उजेडाच्या जागा चिंधीने पुसून मोकळ्या करा. दुसऱ्या थराला रंग ट्यूबमधून येतो तसाच. शेवटच्या थराच्या रंगात दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग लिन्सीड असं मिश्रण घाला.

चेहरे मळतात ते ओल्या रंगावर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवल्याने. यलो ऑकर, लाइट रेड आणि टायटॅनियम व्हाइटच्या पाच छटा आधीच पॅलेटवर मिसळून ठेवा. उजेडाला एक ब्रश, सावलीला दुसरा. सावलीत पांढरा घालू नका, ती राखेसारखी दिसते. गालाच्या कडेला दोन छटा शेजारी ठेवा आणि कोरड्या मऊ ब्रशने एकदाच, अगदी हलक्या हाताने जोडा. मग हात काढा.

जरीचा एकेक धागा काढत बसू नका. ऑकर आणि अंबरची गडद पट्टी द्या, ती वाळली की शून्य नंबरच्या ब्रशने फक्त उजेड पडतो तिथे फिकट पिवळे ठिपके.

खरं तर पहिल्या प्रतीला अकरा जणी फार झाल्या. वीणा वाजवणारी एकटीच घ्या. चेहरा मोठा येईल, चुका दिसतील.

कूलरच्या झोतासमोर ओला कॅनव्हास ठेवू नका, धूळ आणि वाळ्याची कुसळं बसतात. लिन्सीडच्या चिंध्यांचा बोळा तर कधीच टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. नागपूरच्या मे महिन्यात तर अधिकच जपा. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.