बायबल शिकवायचंय, पण आधी बी.एड.

वास्कोहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "आम्ही मूळ मिरजेचे. मी बंदरात नोकरीला, म्हणून तीस वर्षं गोव्यात. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. चार वर्षं मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवते. आता म्हणते, पदवी झाली की थेट सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात) जाणार आणि मग शाळेत बायबल आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी शिकवणार. बाई, आम्ही श्रद्धेची माणसं, देवाच्या कामाला नाही म्हणवत नाही. पण अशी नोकरी असते का? पगार कोण देतं? तिच्या आईला रात्री झोप लागत नाही."

नमस्कार.

आईची झोप उडाली आहे, म्हणून पगाराचंच आधी सांगते. गोव्यात फक्त बायबल शिकवण्यासाठी पूर्णवेळ, पगारी शिक्षक नेमल्याचं मी जवळजवळ पाहिलेलं नाही. आपल्याकडच्या चर्चच्या बहुतेक शाळा अनुदानित आहेत. सरकारचं अनुदान येतं ते गणित, विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रं अशा मंजूर विषयांच्या शिक्षकांसाठी. धर्मशिक्षणाचा तास एखादी सिस्टर घेते, नाहीतर दुसऱ्या विषयाचीच शिक्षिका. कॅथलिक मुलांचं 'दोतोर्न', म्हणजे धर्मशिक्षण, रविवारी चर्चमध्ये होतं, तेही बहुधा सेवाभावी माणसं शिकवतात.

म्हणून माझा सल्ला एका ओळीत: सेमिनरी नंतर, बी.एड. आधी. बी.ए. इतिहास आणि त्यावर बी.एड. असलं की सामाजिक शास्त्रांच्या शिक्षिकेच्या जागेसाठी तिला अर्ज करता येतो. पणजीची निर्मला इन्स्टिट्यूट आहे, फोंड्याचं दादा वैद्य महाविद्यालय आहे. दोन्हीकडे चौकशी करा. पगार विषयाचा मिळेल आणि बायबलचा तास तिच्याकडे आपोआप चालत येईल. शाळांना हा तास मनापासून घेणारं माणूस सापडत नाही, हे मी चोवीस वर्षं पाहिलं आहे.

सेमिनरीला माझा विरोध नाही. दोन-तीन वर्षं वर्गात काढून ती गेली, तर तिथलं शिक्षण तिला दुप्पट उपयोगी पडेल, कारण मुलांचे प्रश्न घेऊन ती जाईल. पदवीनंतर बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करायचं तर पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी जवळचं. ते सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी, संलग्न आहे. हे सेरामपूर बंगालमधलं, नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. पालक हमखास घोटाळा करतात. प्रवेशाला पाळकसाहेबांचं (तुमच्या चर्चच्या धर्मगुरूंचं) शिफारसपत्र लागतं. मात्र बी.डी. ही शाळेतल्या नोकरीसाठी बी.एड.ची जागा घेत नाही. मंडळीत ती मोठी पदवी, पण शाळेच्या नेमणुकीत तिचा उपयोग नाही. नोकरी सोडून जाणं जमलं नाही, तर घरून करायचे अभ्यासक्रमही सेरामपूरच्या सिनेटचे आहेत.

गोव्याबाहेर वाट थोडी रुंद आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेत 'रिलिजस स्टडीज' हा रीतसर विषय आहे, आणि काही निवासी ख्रिस्ती शाळांमध्ये बायबलचा तास वेळापत्रकातच असतो. अशा ठिकाणी जायचं तर पगार, राहणं आणि तासांची संख्या लेखी मागा. 'देवाची सेवा आहे' म्हणून पगाराचं बोलायचं नाही, ही सवय चांगल्या माणसांना फार महागात पडते.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. मी फोंड्याची, हिंदू घरातली. दक्षिण गोव्यात, साष्टीतल्या एका चर्चच्या शाळेत मराठी शिकवत निवृत्त झाले. तिथे एक तरुण शिक्षिका मूल्यशिक्षणाच्या तासाला सातवीच्या सगळ्या वर्गाला हात जोडून येशूची प्रार्थना म्हणायला लावायची. हेतू निर्मळ होता. पण एका मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, आणि त्यांचं बरोबर होतं. राज्यघटनेचं अनुच्छेद 28 सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत तर धर्मशिक्षण देताच येत नाही. तुमच्या मुलीने हे कलम पाठ करून ठेवावं. शब्बाथ शाळेत ती विश्वासाने आलेल्या मुलांसमोर उभी असते. शाळेच्या वर्गात निम्मी मुलं दुसऱ्या घरांतली असतील. तिथे 'ख्रिस्ती लोक असं मानतात' हे वाक्य तिला रोज लागेल, आणि ते बोलताना तिचा विश्वास जराही कमी होत नाही.

दुसरी अडचण घरातलीच आहे. तुम्ही प्रोटेस्टंट, आणि गोव्यातल्या शाळा बहुतेक कॅथलिक. तुमच्या बायबलात 66 पुस्तकं, त्यांच्या बायबलात 73. तुमचा येशू तो त्यांचा जेजू, हे मुलं लगेच समजून घेतात. पण दहा आज्ञांचे क्रमांक वेगळे आहेत हे फार थोड्या शिक्षकांना माहीत असतं. तुमच्याकडे सहावी आज्ञा 'खून करू नको', कॅथलिकांकडे तीच पाचवी, आणि सहावी व्यभिचाराची. चौथीतल्या पोरीने घरी जाऊन वेगळा आकडा सांगितला की आजी शाळेत हजर! तेव्हा दोन्ही परंपरा शिकून घेतल्याशिवाय तिने खडू हातात घेऊ नये.

'ख्रिस्ती जीवनदृष्टी म्हणजे काय' हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. मला समजलं तसं सांगते: जग देवाने चांगलं निर्माण केलं, माणसाच्या पापाने ते मोडलं, ख्रिस्तात त्याची सोडवण आहे आणि शेवटी सगळं नवं होणार आहे, या चौकटीतून इतिहास, विज्ञान, पैसा, शेजारी सगळ्यांकडे बघणं. लहान मुलांना ही चौकट देता येत नाही, त्यांना गोष्ट द्यावी लागते. पाचवी-सहावीत नकाशा आणि काळाचा पट्टा हवा. अब्राहाम आधी की दावीद, हे न कळता मुलं नुसती सुवचनं पाठ करतात. आठवीनंतर मुलं भांडू लागतात. चांगल्या माणसाला दुःख का, हे विचारणाऱ्या मुलाला बायबलातलं ईयोबाचं पुस्तक, निर्दोष असून दुःख भोगलेल्या माणसाचं, द्यायचं असतं, गप्प बसवायचं नसतं.

आणि गोव्यात आणखी एक प्रश्न येणारच. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारला होता: "बाई, आमचा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला का आणावा लागला?" सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत साष्टीतली देवळं पाडली गेली आणि देव नदीपलीकडे हलवावे लागले. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 पासून 1812 पर्यंत होतं, मधली थोडी वर्षं सोडली तर. तुमची लेक इतिहासाची विद्यार्थिनी आहे, तिने हे टाळू नये. प्रीतीचा धर्म शिकवणाऱ्या शिक्षिकेने, ख्रिस्ताच्या नावाने झालेला अन्याय हा अन्यायच होता, असं वर्गात उभं राहून म्हटलं, तर मुलं तिचं पुढचं सगळं ऐकतील. त्याच साष्टीत राहून, 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत लिहिलं आणि ते 1616 साली राशोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ऐकणाऱ्यांच्या कानात पुराणाची ओवी आहे, म्हणून त्याने बायबल ओवीत सांगितलं. मराठी शिक्षिका म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं, आणि देवळं पाडल्याचं दुःखही तितकंच वाटतं. दोन्ही एकाच वर्गात सांगता येतं. मी सांगितलं आहे.

तुम्हाला नातेवाईक विचारतील, त्यांना सांगा, पोरगी शिक्षिका होणार आहे. ते खरंच आहे.

आता तिच्यासाठी काम. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर (वडिलांचा पैसा उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाची, येशूने सांगितलेली बोधकथा) तिने सातवीसाठी पस्तीस मिनिटांचा पाठ लिहून मला पाठवावा. वर्गात चाळीस मुलं, त्यांतली बावीस हिंदू, तीन मुसलमान, बाकी बहुतेक कॅथलिक, असं धरायचं. पहिल्याच मिनिटाला कुणीतरी विचारेल, "दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा?" आणि शेवटी कुणीतरी नक्की विचारेल की घरी राहून राबलेल्या थोरल्या भावाचं काय चुकलं. त्याला ती काय उत्तर देते, ते मला वाचायचं आहे. बी.एड.चे अर्ज निघायच्या आत पाठवा म्हणावं, मी खुणा करून परत पाठवीन.