वीजवाला दवाखान्यात काय करणार?

«पोऱ्या इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या आईचा धुळ्याला एमआरआय केला, तेव्हापासून एकच धोशा: मेडिकल इमेजिंगमध्ये संशोधन करून प्राध्यापक होणार. वीजवाला दवाखानामा काय करी? महावितरण किंवा दीपनगरचं वीज केंद्र बरं नाही का?»
– एक कापूस उत्पादक, अमळनेर तालुका

आप्पा,

मशीन चालवणारा टेक्निशियन वेगळा, रिपोर्ट लिहिणारा रेडिओलॉजिस्ट वेगळा. तुमच्या मुलाला यातलं काहीच व्हायचं नाही. मशीनमधून फोटो बाहेर येत नाही, सिग्नल येतो. १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद मोजायचं एकक) इतक्या ताकदीच्या मशीनमध्ये शरीरातला हायड्रोजन साधारण ६४ मेगाहर्ट्झला उत्तर देतो, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या थोडं खाली. बाहेरचा रेडिओ आत घुसू नये म्हणून त्या खोलीला तांब्याचं अस्तर असतं. आजी ज्या ठकठकीला घाबरल्या असतील, तीही विजेचीच करामत. ते सिग्नल पकडायचे कसे, त्यांतून चित्र उभं करायचं कसं, हा वीजवाल्याचाच प्रांत.

सीटी स्कॅनचं मशीन शोधून काढणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड शेतकऱ्याचेच पोर. शिक्षण इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, आणि १९७९ साली नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्राचं! (हे मुलाला सांगाल तर जपून. आज प्राध्यापकीला पीएच.डी. लागतेच.) २००७ साली लस्टिग, डोनोहो आणि पॉली या संशोधकांनी दाखवलं, की कमी मोजमापं घेऊनही एमआरआयचं चांगलं चित्र काढता येतं. स्कॅनचा वेळ वाचतो, आणि लहान मूल किती वेळ निपचित पडणार? लस्टिग आज अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात इलेक्ट्रिकलच शिकवतात.

आता तुमच्या काळजीचं. रस्ता लांब आहे. गेट (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा), एम.टेक., पीएच.डी. धरून तिशी येते, आणि त्यानंतरही प्राध्यापकाची जागा लगेच मिळेलच असं नाही. पण पीएच.डी.चा खर्च तुमच्या कापसावर पडायला नको: जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. महावितरणची परीक्षाही त्याने जरूर द्यावी, त्यात कमीपणा नाही. मात्र दीपनगरसाठी हा नाद आत्ताच सोडायला लावू नका.

मला शंका आहे ती वेगळीच. ‘सिग्नल्स अँड सिस्टीम्स’मध्ये त्याला किती मार्क होते? फुरिए ट्रान्सफॉर्म (सिग्नलमधल्या लहरी सुट्या करायचं गणित, त्यावरच एमआरआयचं चित्र उभं राहतं) नुसता पाठ केला असेल, तर हे क्षेत्र त्याला दमवेल. न्यूयॉर्क विद्यापीठाने फास्टएमआरआय नावाने खऱ्या स्कॅनचा कच्चा डेटा संशोधनासाठी खुला केला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पायथॉनवर त्यातून गुडघ्याचं एक चित्र त्याने स्वतः उभं करावं. मग अर्धी मोजमापं काढून टाकावीत आणि चित्र कुठे बिघडतं ते बघावं. दोन महिन्यांत कंटाळला, तर तुमचं म्हणणं बरोबर. रात्री जागून बसला, तर मला पुन्हा पत्र टाका, कुठे अर्ज करायचा ते सांगेन.

आणि ती ठकठक कशाची, हे त्याला आजीला अहिराणीत समजावून सांगायला लावा. प्राध्यापक व्हायचंय ना त्याला?